पाच हजारांत बोरघाट

गार्डन रेल्वे हा बंगलेवाल्यांचा छंद आहे असं वाटतं ना? आमच्या लोणावळ्याच्या घरामागे अठ्ठावीस फूट अंगण होतं, घरात एक रिटायर्ड ड्रायव्हर होता आणि एका फ्रीलान्सरचा किरकोळ बँक बॅलन्स होता. एवढ्यावर गाडी घाट चढली.

शनिवारी सकाळी तुम्ही एक्स्प्रेस-वेच्या लोणावळा एक्झिटला हॉर्न वाजवत अडकलेले असता, तेव्हा मी पुणे-लोणावळा लोकलमध्ये खिडकी पकडून बसलेली असते. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. तुम्ही टायगर पॉइंटला कणीस खायला निघालेले असता आणि मी घरी. लोणावळ्यात खरोखर कुणी राहतं, हे माझ्या पुण्यातल्या निम्म्या मित्रांना अजून पटत नाही. चिक्की, धबधबा आणि ट्रॅफिक जॅम यांच्यामध्ये आमचं एक जुनं कौलारू घर आहे. पुढे पडवी, मागे अंगण, अंगणात धुण्याचा दगड आणि आईची तुळस.

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. आता त्याला लोको पायलट म्हणतात, पण आमच्या घरात ड्रायव्हरच. त्यांच्या नोकरीचा बराचसा काळ बँकर चालवण्यात गेला. बँकेशी याचा संबंध नाही. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जी जादा इंजिनं लावतात, ते बँकर. लोणावळ्यात आली की ती सुटतात आणि पुन्हा खाली जातात. म्हणजे माझ्या बाबांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या वर ढकलल्या. प्रवाशांनी त्यांचं तोंड कधी पाहिलं नाही, कारण ते कायम शेवटच्या डब्याच्या मागे.

दीड वर्षापूर्वीच्या डिसेंबरात त्यांना पॅरालिसिसचा सौम्य झटका आला. चालणं-बोलणं महिन्याभरात सुधारलं, उजवा हात मात्र रुसून बसला. शर्टाचं बटण लागेना, सही होईना. फिजिओथेरपिस्टने व्यायाम सांगितला: ताटात वाटाणे आणि राजमा एकत्र करायचे आणि चिमटीने वेगळे करायचे, रोज अर्धा तास. बाबांनी दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी ताट सरकवून म्हणाले, "मी काय लग्नाच्या पंगतीचा आचारी आहे?" त्यानंतर ते पडवीत बसायचे आणि लांबून येणाऱ्या गाड्यांचे आवाज मोजायचे. कुठली लेट आहे, एवढंच बोलायचे. बंगळुरूला असलेल्या दादाने फोनवर विषय काढला, की घर विकून टाकू आणि दोघांना पुण्यात फ्लॅटमध्ये आणू. एक ब्रोकर तर परस्पर अंगण मोजूनही गेला. बाबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मला त्याचंच जास्त टेन्शन आलं.

कोथरूडहून आलेली आयडिया

फेब्रुवारीत मी एका वीकेंड स्टोरीसाठी कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियमला जाणार होते. बाबा त्या आठवड्यात चेकअपसाठी माझ्याकडे होते. त्यांना रूमवर एकटं कसं ठेवणार, म्हणून सोबत नेलं. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या वेडातून उभं केलेलं हे म्युझियम १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. पुण्यात राहून तुम्ही ते पाहिलं नसेल तर खरंच जा. अख्खं छोटं शहर, त्यात पळणाऱ्या गाड्या, सिग्नल, फ्लायओव्हर आणि वर सगळं ऑटोमॅटिक. मी नोट्स काढत होते आणि बाबा काचेला नाक लावून उभे होते, शाळेच्या सहलीतल्या पोरांच्या रांगेत.

बाहेर रिक्षात बसल्यावर त्यांचा एकच प्रश्न आला, "हे अंगणात होणार नाही का?"

दोन महिन्यांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी काहीही माहीत नसताना ठोकून दिलं, "होणार की."

रात्री नेटवर बसले आणि घाम फुटला. अंगणात, उघड्यावर गाडी चालवायची तर म्युझियममधल्यासारखी नाजूक गाडी चालत नाही. त्या गाड्या साधारण १६.५ मिलिमीटर रुळावर धावतात. त्यांच्यासाठी एक सुकलेलं पान म्हणजे दरड. बागेसाठी जाडजूड गाडी लागते. १९६८ साली जर्मनीच्या लेमान कंपनीने एलजीबी नावाने ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळावरची गाडी बाजारात आणली. ती पावसात, बर्फात, कुत्र्याच्या शेपटीतूनही धावायची. युरोप-अमेरिकेत बागेतल्या रेल्वेची लाट तिथून आली. पण नवा सेट घ्यायचा तर काहीशे युरो, त्यावर कस्टम ड्युटी. माझं एका मासिकाकडचं तीन लेखांचं मानधन तेव्हा चार महिने अडकलेलं होतं. खात्यात हिंमत होती ती फक्त पाच हजारांची. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "पाच हजारांत इंजिनाचा वायपर येत नाही." पण चेहरा खुललेला होता.

सदतीसचा पाढा

पहिलं भांडण चढावावरून झालं. मला सोपं हवं होतं: तुळशीभोवती एक गोल, गाडी फिरतेय, आपण चहा पितोय, संपलं. बाबांनी गोल रिजेक्ट केला. "गाडी कुठून तरी कुठे तरी जायला हवी. गोल फिरते ती जत्रेतली." पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली सुरू झालेली फुलराणीसुद्धा त्यांच्या लेखी गाडी नाही. माथेरानच्या राणीला मात्र ते थोडा मान देतात, कारण ती चढते.

मग त्यांनी फर्मान काढलं. गाडी अंगणातून निघून पडवीत आली पाहिजे आणि चढ सदतीसला एक असला पाहिजे.

सदतीसला एक म्हणजे काय? सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. बोरघाटातला सगळ्यात खडा चढ हा असा आहे, आजही. तुमच्या गाडीला, बाइकला हे काहीच वाटणार नाही. पण लोखंडाच्या चाकाला लोखंडी रुळावर पकडच नसते, त्यामुळे रेल्वेसाठी ही जवळजवळ भिंत. म्हणून तर बँकर.

आता गंमत बघा. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद. ती ४५ मिलिमीटरमध्ये बसवायची तर भागाकार येतो साधारण सदतीस. म्हणजे गाडीचं माप सदतीसात एक आणि चढही सदतीसला एक. मी कॅलक्युलेटर बाबांपुढे धरला तेव्हा ते इतके खूश झाले, जणू इंग्रजांनी हे त्यांना विचारूनच केलं होतं. त्याच मापाने अख्खा घाट करायचा म्हटला तर? मूळ घाट जवळपास २५ किलोमीटरचा, चढ सुमारे ५५८ मीटर. अंगणात तो ६८० मीटर लांब आणि पंधरा मीटर उंच झाला असता. म्हणजे आईला वाळवण घालायला पाचव्या मजल्यावर जावं लागलं असतं. तिने तिथेच व्हीटो केला.

आमच्या पडवीचं जोतं अंगणापासून ४० सेंटिमीटर उंच. सदतीसच्या पाढ्याने ४० सेंटिमीटर चढायला १४.८ मीटर रूळ लागतो. आणि अंगण? साडेआठ मीटर. वळण घेऊन परत यावं तर रुंदी पुरत नव्हती, कारण मध्ये धुण्याचा दगड होता आणि तो हलवायचा विषय काढायची आमची दोघांचीही छाती नव्हती.

मी कागद चुरगाळून टाकला. बाबा म्हणाले, "अगं, रिव्हर्सिंग कर की."

इंग्रजांचंही अंगण छोटंच होतं

पुणे-मुंबई करताना खंडाळ्याच्या खाली कड्यावर जुन्या लाइनच्या खुणा दिसतात. तिथे रिव्हर्सिंग स्टेशन होतं. जीआयपी रेल्वेचा इंजिनिअर जेम्स बर्कली हा घाट आखत होता तेव्हा त्याची पंचाईत झाली. चढायचं तर आहे, पण कड्यावर वळायला जागा नाही. त्याने लाइन सरळ एका टोकावर नेली, तिथे गाडी थांबवायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट दिशेने, इंग्रजी व्ही अक्षराच्या दुसऱ्या दांडीवरून वर निघायचं. जागा नाही तर दिशा बदला. घाट १८६३ साली सुरू झाला आणि १९२९ मध्ये बोगद्यांचा नवा मार्ग होईपर्यंत गाड्या अशाच उलट्या होऊन वर यायच्या.

हा घाट कसा बांधला गेला ते वाचायला लागले आणि माझा एक आख्खा वीकेंड त्यात गेला. १८६१ मध्ये इथे एका वेळी ४२ हजारांपर्यंत माणसं राबत होती. कॉलऱ्याने आणि तापाने हजारो मेली. पहिल्या कंत्राटदाराचं १८५९ मध्ये फाटलं. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा नवा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि काही दिवसांतच वारला. त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, कंत्राट सोडलं नाही. इंजिनिअर नेमले आणि काम पुरं करून घेतलं. परक्या देशात, नवरा गेलेला, समोर सह्याद्री! शाळेत आम्हाला हे कुणी का शिकवलं नाही? लोणावळ्याच्या मुलींना तरी शिकवायला हवं होतं.

तर आमचं गणित असं बसलं: ७.४ मीटर अंगणाच्या टोकाकडे जाताना चढ, तिथे १.१ मीटरची सपाट रिव्हर्सिंग लाइन, मग ७.४ मीटर परत येताना चढ आणि गाडी थेट पडवीत. जोत्याच्या पायथ्याशी कर्जत, वर बाबांच्या खुर्चीजवळ लोणावळा. बर्कलीला अख्खा डोंगर होता आणि आम्हाला धुण्याचा दगड, पण अडचण तीच.

मोजमापाला लेसर-बिसर काही नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेतली. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येतं, तिथून मोजायचं. दर मीटरला २.७ सेंटिमीटर वर. बाबा एक टोक डाव्या हाताने धरायचे, मी दुसरं. "वर. जरा खाली. खाली म्हटलं ना!" शेजारच्या काकू कुंपणावरून बघून आईला विचारून गेल्या, की बाथरूम काढताय का.

सातशे खाचा

स्वस्तात रूळ कसे करायचे ही खरी मेख होती. विकतचा पितळी ट्रॅक परवडण्यातला नव्हता. खेळण्यांच्या सेटमधला प्लास्टिकचा ट्रॅक एप्रिलच्या उन्हात चार दिवसांत सापासारखा वाकडा झाला. त्यातून एक गोष्ट मात्र कळली. इंजिन बॅटरीवर चालणार असेल तर रुळातून वीज जायची गरज नाही. मग रूळ कशाचाही चालतो, फक्त सरळ आणि गंजमुक्त हवा.

स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे उरलेले तुकडे असतात. दोन मिलिमीटर जाड, बारा मिलिमीटर रुंद. साडेसातशे रुपयांत अडीच किलो मिळाले. पट्टी आडवी न ठेवता कडेवर उभी करायची आणि लाकडी स्लीपरमध्ये खाच पाडून त्यात ठोकून बसवायची. झाला रूळ. स्लीपरसाठी सुताराकडून सागाच्या फेकायच्या पट्ट्या आणल्या, फुकट. दर पाच सेंटिमीटरला एक स्लीपर, म्हणजे साडेतीनशेच्या वर स्लीपर आणि सातशेच्या वर खाचा.

खाच बरोबर दोन मिलिमीटरची हवी. सैल झाली तर रूळ डुलतो, घट्ट झाली तर लाकूड फाटतं. बाबांची ट्रिक अशी, की हॅकसॉच्या चौकटीत तीन पाती एकाला एक चिकटवून लावायची. एकदा घासलं की बरोबर मापाची खाच. दोन खाचांमधलं अंतर चुकू नये म्हणून लाकडाचा एक साचा केला.

पहिले पन्नास स्लीपर मी कापले. हाताला फोड आले. पुढच्या शनिवारी आले तर शंभर तयार! मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "रोज दुपारी बसतात. डाव्या हाताने करवत, उजव्याने लाकूड दाबून धरतात. मी काही बोलत नाही. तूही बोलू नकोस."

मी बोलले नाही.

त्यानंतर खडी. खाणीवरून तीन पोती बारीक खडी आणली. रूळ बसल्यावर प्रत्येक दोन स्लीपरच्या मधल्या फटीत खडी भरायची. ओतली तर रुळावर सांडते आणि गाडी घसरते, म्हणून ती चिमटीने टाकावी लागते. एक एक खडा. वाटाण्यांना नाही म्हणणारा माणूस मे महिन्यात रोज दोन-दोन तास मोड्यावर बसून चिमटीने खडी टाकत होता. फिजिओथेरपिस्टला फोन करून सांगितलं तर त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, "व्यायाम तोच आहे, फक्त आता घरभर सांडत असेल."

इंजिन ओढेना

इंजिनासाठी रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेले. तिथे काय मिळत नाही! घासाघीस करून बॅटरीवरच्या आगगाडीचे दोन जुने सेट नऊशेला मिळाले आणि रिमोटच्या दोन मोडक्या गाड्या तीनशेला. मोडक्या गाड्या कशाला? रिमोटच्या गाडीच्या पोटात एक छोटं सर्किट असतं. ते मोटर पुढेही फिरवतं आणि मागेही. रिव्हर्सिंग स्टेशनला आम्हाला तेच हवं होतं. नवं कंट्रोलर घ्यायला गेलात तर खिसा रिकामा होतो, इथे ते मोडक्या जीपसोबत फुकट येतं. बाकीची वायर, स्विच आणि रिचार्जेबल सेल तपकीर गल्लीतून. सोल्डरिंग मी यूट्यूबवर पाहून शिकले. दोन सर्किटं जाळली, त्यातल्या एकाचा वास अजून माझ्या सॅकला येतो.

मेच्या शेवटच्या रविवारी पहिली ट्रायल घेतली. सपाटीवर गाडी मस्त निघाली. चढ लागला आणि चाकं जागच्या जागी गरगर. गाडी इंचभर हलेना.

हे साधं गणित आहे, फक्त मला आधी सुचलं नव्हतं. सदतीसच्या चढावर दोन किलोची गाडी साधारण ५४ ग्रॅमच्या जोराने मागे ओढली जाते. ऐकायला कमी वाटतं, पण प्लास्टिकच्या गुळगुळीत चाकाला तेवढीही पकड नसते. उपाय दोन. चाकाला रबर आणि इंजिनाला वजन. जुन्या कॅसेट प्लेअरमधले रबर बेल्ट कापून चाकांवर चढवले. टायरवाल्याकडून व्हील बॅलन्सिंगचे शिशाचे तुकडे आणून इंजिनाच्या पोटात भरले. आता ते चढायला लागलं, पण एकच डबा घेऊन. तीन डबे लावले की मोटर तापायची.

"मग?" मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकली आणि हे विचारते. "मागून ढकल की."

दुसऱ्या सेटचं इंजिन मागे लावलं. दोन्ही रिमोट एकाच फ्रिक्वेन्सीचे होते. खेळण्यांच्या बाबतीत ही कटकट समजतात, आमच्यासाठी ती लॉटरी होती: एका रिमोटवर दोन्ही इंजिनं. बटण दाबलं. पुढचं पुढे निघालं, मागचं मागे. मधले डबे रस्सीखेचीतल्या दोरासारखे ताणले, हूक तुटला आणि दोन्ही इंजिनं दोन दिशांना. आई धुणं टाकून हसत बसली. बाबा मात्र गंभीर होते. "ह्याला म्हणतात कोऑर्डिनेशन. आम्ही पुढच्या ड्रायव्हरशी शिट्टीच्या खुणांनी बोलायचो. तू वायर उलटी कर."

वायर उलटी केली. गाडी निघाली. तीन डबे, पुढे इंजिन, मागे बँकर. सात मीटर चढली, टोकाला सपाटीवर थांबली. तिथे एक सांधा आहे. पट्टीचे दोन तुकडे आणि एक खिळा, हाताने सरकवायचा. बाबा मोड्यावर बसून तो सांधा बदलतात. "सगळी नोकरी गाडी चालवली आणि रिटायर होऊन सांधेवाला झालो," ही तक्रार तेव्हापासून प्रत्येक फेरीला ऐकतेय. सांधा बदलला, मी रिव्हर्स दाबला आणि आता बँकर पुढे आणि इंजिन मागे. बाबांचं इंजिन त्या दिवशी पहिल्यांदा गाडीच्या तोंडाशी होतं. तसंच वर चढलं आणि पडवीत त्यांच्या रिकाम्या खुर्चीजवळ येऊन थांबलं.

मग पाऊस आला

लोणावळ्याचा पाऊस तुम्ही विंडचीटर घालून एन्जॉय करता, आम्ही तो राहून काढतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैच्या एका रात्री वरच्या लाइनखालचा मातीचा बांध वाहून गेला. सकाळी रूळ हवेत लोंबकळत होते, वाळत घातलेल्या शिडीसारखे. खडी निम्मी गटारात. मला रडू आलं. अडीच महिन्यांचे वीकेंड, खोटं कशाला बोलू.

बाबांनी छत्री घेऊन पाहणी केली. १८६७च्या जुलैत याच घाटात दगडी व्हायाडक्ट कोसळला होता, घाट सुरू होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती तेव्हा. ते म्हणाले, "आपला तर मातीचा होता." आणि आत जाऊन चहा मागितला.

चूक माझी होती. पाण्याला वाट ठेवली नव्हती. ऑक्टोबरमध्ये नव्याने केलं. माती काढून टाकली. जुन्या प्लंबिंगचे पीव्हीसी पाइप कापून खुंट केले आणि दर दोन फुटांवर जमिनीत ठोकले. पाण्याच्या नळीने सगळ्यांची उंची जुळवली आणि त्यावर रूळ ठेवले. आता पाणी खालून निघून जातं. खालच्या लाइनला रुळाच्या बाजूने बोटभर चर काढला आणि त्यात विटांचे तुकडे भरले. तुम्ही कोकणात, मावळात किंवा मुळशीत कुठे करणार असाल तर हे आधी करा, रूळ नंतर. स्लीपरना जळकं इंजिन ऑइल पाजा, वाळवी लागत नाही. आणि इंजिनं रात्री घरात न्या. आमची टीव्हीखाली झोपतात.

हिशोबाची वही बाबांकडे. इंजिनं, सर्किटं, ॲल्युमिनियम, सेल आणि चार्जर, पाइप, खडी, स्क्रू, रंग असं सगळं धरून चार हजार साडेसातशे. जाळलेली सर्किटं आणि वाकडा झालेला प्लास्टिक ट्रॅक यांचे सातशे त्यांनी वेगळ्या पानावर 'चौकशीअंती' म्हणून लिहिलेत. एकूण ५,४५०. बजेट ओव्हर, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. पुण्यात फ्लॅटमध्ये राहत असाल तर टेरेसच्या कठड्यालगत सरळ लाइन टाकून दोन टोकांमध्ये गाडी पुढे-मागे करता येईल. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी चालवायला द्या, एनओसी लवकर मिळेल.

दिवाळीत दादा आला. ब्रोकरचा नवा आकडा घेऊनच आला होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याने अंगणात पाऊल टाकलं आणि बाबा ओरडले, "थांब! लाइन क्लिअर नाहीये." तो एक पाय हवेत धरून थांबला. मग दोन तास रिमोट त्याच्याचकडे होता. आकड्याचा विषय रात्री जेवताना निघाला. बाबा म्हणाले, "कॅच सायडिंग झालं नाहीये अजून." घाट उतरताना गाडीचे ब्रेक निकामी झाले तर ती वळवायला चढावर एक बाजूची लाइन ठेवतात, ते कॅच सायडिंग. दादाने विचारलं, की ते व्हायला किती दिवस लागतील. बाबा म्हणाले, "बघू." घराचं अजून काही ठरलेलं नाही. दादाने जाताना स्लीपरचं माप मात्र लिहून नेलं.

हा लेख लिहिला त्या शनिवारी गेले तर वळीव पडून गेला होता. पडवीत खुर्चीवर एक कागद माझी वाट बघत होता. कॉशन ऑर्डर. लाइन खराब असेल तिथे ड्रायव्हरला हळू जायला सांगणारा हा कागद रेल्वेत देतात. 'तुळशीजवळ खडी सैल. वेग चालण्याचा. थांबून खात्री करणे.' खाली तारीख, वेळ, सही. अक्षर वाकडं-तिकडं, पहिलीतल्या मुलासारखं, सहीची शेवटची रेघ कागदाबाहेर गेलेली. डाव्या हाताचं त्यांचं अक्षर मला आता पाठ झालंय. हे ते नव्हतं.

"पावती दे," बाबा म्हणाले. "ड्रायव्हरची सही लागते त्यावर."

मी सही केली आणि तुळशीपाशी गाडी हळू केली.